पाच तालुक्यांतल्या शेतकरी कंपन्यांचं एक सामाईक केंद्र, सुरुवात कशानं करावी?

कुकडीकाठ (जुन्नर)

रामराम मंडळी. बरेच दिवस मनात असलेला विषय मांडतोय, जरा लांबेल.

मी सहा वर्षं एका शेतकरी उत्पादक कंपनीचा, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपनीचा, व्यवस्थापक आहे. टोमॅटो आणि कांदा ही आमची मुख्य पिकं. गेल्या महिन्यात जुन्नर, आंबेगाव, खेड, मुळशी आणि पुरंदर अशा पाच तालुक्यांतल्या कंपन्यांची मंडळी मार्केट यार्डाजवळ एकत्र बसलो. पाचही जणांची रड एकच निघाली. माल आहे, सभासद आहेत, पण कंपनी चालवायला लागणारी माणसं एकेकट्याला परवडत नाहीत. त्यातून कल्पना निघाली की पाचांनी मिळून पुणे जिल्ह्यासाठी एक सामाईक व्यवसाय केंद्र काढावं. खरेदी-विक्री, हिशेब, परवाने, वाहतूक, सगळं तिथून.

इथपर्यंत छान. पण त्यानंतरचे दोन तास शेड किती फुटांचं, शीतगृह किती टनांचं, वजनकाटा कुठं बसवायचा यातच गेले. घरी परतताना मला चैन पडेना. आधी काय करायचं, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

आमच्यापैकी तीन कंपन्या केंद्र सरकारच्या दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेतून उभ्या राहिल्या. ती योजना फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाली. व्यवस्थापन खर्चासाठी एका संस्थेला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत मिळते, त्यातून व्यवस्थापकाचा आणि हिशेबनिसाचा पगार भागतो. चौथ्या वर्षी काय? कायद्यानं पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी ठेवावाच लागतो, मदत मात्र थांबलेली असते. आमचा हिशेबनीस नेमका त्याच वर्षी चाकणच्या कारखान्यात लागला. त्याचा दोष नाही, पोरगं लग्नाचं होतं. पण त्या वर्षी आमचे ताळेबंदाचे आणि वार्षिक विवरणाचे असे दोन्ही फॉर्म वेळेत गेले नाहीत. उशिराला प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जास्तीचे. दोन फॉर्म आणि १५० दिवस धरा, ३० हजार झाले. टोमॅटोच्या क्रेटमागे दोन-तीन रुपये मिळवणाऱ्या कंपनीला हे पैसे परत मिळवायला किती क्रेट हलवावे लागतात, ते ज्यानं गाडी भरली आहे त्यालाच कळेल.

म्हणून विचारतो. अनुभवी लोकांनी सांगा, पहिली वीट कोणती?

---

घोडनदी (आंबेगाव)

दादा, त्या बैठकीत शेडचा आग्रह धरणाऱ्यांत मीही होतो, म्हणून माझी बाजू सांगतो.

आमच्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा असतो. काढणीला पाऊस आला की माल झाकायला जागा नसते. त्या दिवशी व्यापारी बांधावर येऊन जो भाव सांगेल तो घ्यावा लागतो. शेतकऱ्याला डोळ्यांना दिसेल असं काही पाहिजे. कंपनीचा हिशेब चोख आहे म्हणून कुणी बटाटा आणून टाकत नाही, शेड दिसलं की टाकतो. शिवाय कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं व्याजात ३ टक्के सवलत आहे. राज्याच्या स्मार्ट प्रकल्पातूनही अनुदान मिळतं. आज संधी आहे तर आज उभं करावं. नंतर योजना बंद झाल्या की हळहळत बसू.

---

जुना लेखापरीक्षक (पुणे)

सहकार खात्यात नोकरीची सगळी वर्षं संस्थांच्या वह्या तपासण्यात गेली. घोडनदी यांचा पावसाचा मुद्दा खरा आहे, तो मी बाजूला टाकत नाही. पण अनुदान आहे म्हणून बांधलेली आणि पुढं कुलूप लागलेली गोदामं मी इतकी पाहिली आहेत की बोलल्याशिवाय राहवत नाही. गोदाम कधी एका दिवसात बंद पडत नाही. आधी हंगामात वीजबिल थकतं, मग हमाल मिळत नाहीत, मग एखादा संचालक स्वतःचा माल ठेवू लागतो, आणि सभासद म्हणतात हे आपलं नाहीच. त्या प्रत्येक पायरीवर हिशेब महिन्याच्या महिन्याला लोकांसमोर आला असता, तर रोग पहिल्याच पायरीवर कळला असता.

आपल्याकडं हे नवं नाही. प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीला धनंजयराव गाडगीळ होते, पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ. कारखान्याची यंत्रं लोकांच्या लक्षात राहतात. उसाचा भाव कसा काढायचा, भागभांडवल कसं गोळा करायचं, हे आधी बसून ठरवलं होतं ते कुणी सांगत नाही.

तुमच्या कल्पनेच्या सगळ्यात जवळचं उदाहरण महाग्रेप्सचं. १९९१ मध्ये राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या पुढाकारानं द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र आल्या, कार्यालय पुण्यात. पूर्वशीतकरणाची, म्हणजे माल काढल्याबरोबर थंड करायची, आणि साठवणीची सोय ज्याच्या त्याच्या संस्थेकडं, बागांच्या जवळ. परदेशी ग्राहकाशी बोलणं, दर्जाची अट समजावून सांगणं, प्रमाणपत्रं, पॅकिंगचा माल एकत्र आणणं, हे सगळं मधल्या केंद्राकडं. सुरुवातीला युरोपात माल नाकारला गेला, नुकसान सोसावं लागलं, मग दर्जा शिकला गेला. नीट बघा, शीतगृह मध्यभागी नव्हतं. मध्यभागी माणसं होती.

---

कऱ्हापठार (पुरंदर)

नमस्कार. मी आमच्या कंपनीची संचालक आहे, अंजीर आणि सीताफळ. काकांनी शेवटी लिहिलेलं वाक्य मला पटलं आणि त्याला एक कारण जोडते, जे बैठकीत सांगायचं राहून गेलं.

सामाईक शीतगृह म्हणताना सगळे एकच मोठी खोली धरून चालले आहेत. अंजिराला शून्य अंशाच्या आसपास थंडी लागते. टोमॅटो १२-१३ अंशांच्या खाली फार दिवस ठेवला की चव जाते आणि पिकायचा थांबतो. सीताफळ त्याहून नाजूक, जास्त थंडीत साल काळी पडते. खायचा बटाटा वेगळ्या तापमानाला, बियाण्याचा वेगळ्या. कांद्याला तर शीतगृह नकोच, त्याला हवेशीर चाळ हवी. मग एका खोलीत काय ठेवणार? दोन वर्षांपूर्वी आम्ही एका खासगी शीतगृहात सीताफळ ठेवलं होतं, तिथं दुसऱ्याचा माल होता म्हणून थंडी जास्त केली. चौथ्या दिवशी पेट्या उघडल्या तर फळं आतून चांगली आणि वरून काळी. ग्राहक वरूनच बघतो. त्या पेट्या आम्ही रात्री बसून गर काढून संपवल्या, बायकांची बोटं काळी पडली होती.

आमच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. २०२४ मध्ये पुरंदरच्याच एका शेतकरी कंपनीनं अंजिराचा तयार रस पोलंडला पाठवला, अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या मदतीनं. ते वाचून आमच्या सभासदांना हुरूप आला. पण परदेशी पाठवायचं म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, अपेडाची नोंदणी, प्रयोगशाळेचे अहवाल, लेबल. हे करणारा एक जाणता माणूस आम्हाला एकट्यांना वर्षभर पोसता येत नाही, कारण आमचा खरा हंगाम वर्षात थोडेच महिने. पाचजणींत, म्हणजे पाच कंपन्यांत वाटला तर परवडतो.

---

मुळशीकर (भातवाला)

ताईंनी हंगामाचं बोललात, तिथंच आमचा जीव अडकलाय.

आमचं सगळं भातावर. इंद्रायणी ही जात १९८७ साली शेजारी वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आली आणि तिनं आमच्या घरांना पैसा दाखवला. आंबेमोहर थोडा, तो घरच्यासाठी आणि ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी. काढणी दिवाळीच्या पुढंमागं, गिरण माघापर्यंत चालते. नंतर आमची गाडी उभी असते, माणूस बसून असतो. नेमक्या त्याच वेळी जुन्नरवाल्यांचा उन्हाळी टोमॅटो सुरू होतो आणि त्यांना गाडी मिळत नाही. श्रावण-भाद्रपदात बटाटा, मग सीताफळ, मग पुन्हा आमचा भात. पाच तालुक्यांची पिकं एकमेकांच्या रिकाम्या महिन्यांत बसतात. शेजारच्या चार टोमॅटोवाल्यांनी एकत्र येण्यापेक्षा यात जास्त अर्थ आहे.

पण मला धास्ती दुसरी आहे, उघड बोलतो. आमची कंपनी सगळ्यांत लहान. टोमॅटोवाल्यांची उलाढाल आमच्या कितीतरी पट. केंद्रात निर्णय कोण घेणार? उद्या भाताच्या ऐन हंगामात गाडी नारायणगावला पाठवायचं ठरलं तर आमचं कोण ऐकणार?

आणि अजून एक. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या तांदळाच्या पिशवीवर ५ टक्के जीएसटी लागतो. आम्ही तो भरतो, पण विवरणपत्रासाठी दर महिन्याला कुणाच्या तरी दारात जावं लागतं. केंद्रात हे होणार असेल तर माझं मत आजच दिलं म्हणा.

---

ताळेबंद (कोथरूड)

मी सनदी लेखापाल आहे, काही शेतकरी कंपन्यांची कामं बघते. मुळशीकर दादांची धास्ती रास्त आहे आणि तिचं उत्तर कायद्यातच पाहावं लागेल.

उत्पादक कंपनी काढायला दहा शेतकरी पुरतात, किंवा दोन उत्पादक संस्था मिळूनही काढता येते. म्हणजे तुम्ही पाच कंपन्या मिळून सहावी काढू शकता. मात्र सभासद फक्त संस्थाच असतील, तर मताचा अधिकार त्या संस्थेनं आदल्या वर्षी नव्या कंपनीच्या व्यवसायात किती भाग घेतला त्यावर ठरतो. पहिल्या वर्षी तो भागभांडवलावर. म्हणजे मोठी कंपनी मोठ्या आवाजात बोलणार. संस्था आणि व्यक्ती दोन्ही सभासद असतील, तर प्रत्येक सभासदाला एकच मत. यातलं काय निवडायचं हे नोंदणीच्या आधी, नियमावली लिहितानाच ठरवा. नंतर बदलताना संबंध बिघडतात.

दुसरं, केंद्र माल स्वतः विकत घेऊन विकणार की फक्त सेवा देऊन शुल्क घेणार? घाईत हा प्रश्न राहून जातो. विकत घेतलं तर सगळी किंमत केंद्राच्या उलाढालीत दिसते. सलग तीन वर्षं सरासरी उलाढाल ५ कोटींच्या वर गेली की पूर्णवेळ कंपनी सचिव नेमणं बंधनकारक. पाच कंपन्यांचा माल एका नावावर आला तर ५ कोटी फार लांब नाहीत. शुल्कावर चाललं तर उलाढाल फक्त शुल्काची, आणि माल ज्याचा त्याच्या नावावर राहतो.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष सहावी कंपनी काढूच नका. पाच जणांचा साधा करारनामा करा. एक हिशेबनीस, एक परवान्यांचा माणूस, एक गाड्यांचं वेळापत्रक. खर्चाची वाटणी लिहून ठेवा. वर्षभरात एकमेकांचा स्वभाव कळतो. सलग तीन वर्षं वार्षिक विवरणं गेली नाहीत तर संचालक अपात्र ठरतात, हे मी मुद्दाम सांगते, कारण गावातल्या प्रामाणिक लोकांवर ही वेळ आलेली पाहिली आहे. त्यांना नोटीस हातात पडेपर्यंत काही माहीत नव्हतं. मेलमध्ये आलेलं पत्र उघडून बघायला कुणी माणूसच नव्हता.

---

गुलटेकडीचा गाळा

मी आडत्याच्या घरातला. तिसरी पिढी. इथं बोलू का नको असं दोनदा वाटलं, पण तुम्ही सगळे मनापासून लिहिताय, तर मीही लिहितो.

२०१६ च्या जुलैत फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. तेव्हा आमच्याकडं सगळ्यांना वाटलं, आता माल बाहेरच जाईल. काही गेला, पुष्कळसा गेला नाही. का गेला नाही? कारण उचल. लावणीच्या वेळी रोपांना, औषधाला, मुलाच्या फीला पैसे लागतात, ते आम्ही देतो. मग माल आमच्याकडं येतो, आणि विक्रीच्या पट्टीत, म्हणजे हिशेबाच्या पावतीत, उचल वळती होते. भावात आमचा हात वर राहतो हे मी नाकारत नाही. पण अडचणीच्या दिवशी त्याच्या दारात जाऊन पैसे देणारा दुसरा कुणी नसतो.

तुमची शेतकरी कंपनी माल उचलते आणि पैसे पंधरा दिवसांनी देते. मॉलवाले तिला महिन्यानं देतात. सभासद पहिल्या वेळी थांबतो, दुसऱ्या वेळी निम्मा माल आमच्याकडं पाठवतो. तो फितूर नसतो, त्याला घर चालवायचं असतं. म्हणून तुमच्या केंद्रात इमारत असो नसो, चालू भांडवल हवं. पायाभूत सुविधा निधी शेडला मिळेल, सभासदांना वाटायच्या पैशाला नाही मिळणार.

---

जुना लेखापरीक्षक (पुणे)

गाळेवाल्यांनी जे सांगितलं ते स्वतःच्या धंद्याच्या विरुद्ध जाऊन सांगितलं, त्यांचे आभार.

टिकणाऱ्या मालाला निदान एक वाट आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याजानं, १८० दिवसांसाठी. भात त्यात येतो. मुळशीकरांनी काढणीच्या पडत्या भावात विकण्याऐवजी हे बघावं. टोमॅटो-अंजिराला ही सोय नाही, नाशवंत माल कुणी तारण घेत नाही. तिथं पाच कंपन्यांनी मिळून उचलीसाठी छोटा निधी बाजूला ठेवावा लागेल, आणि त्याची वही सर्वांत आधी, सर्वांत उघड असावी. पैसे बुडतात ते बहुधा अशाच निधीत.

---

सोसायटीतली ताई (बाणेर)

मी फक्त गिऱ्हाईक आहे. आमच्या सोसायटीत दर रविवारी एका शेतकरी गटाची गाडी यायची. भाजी सुंदर. पण कधी यायची, कधी यायची नाही, आणि तांदळाचं बिल मागितलं तर देता येत नसे. चार महिन्यांनी लोक परत ॲपवर गेले, मलाही वाईट वाटलं. तुम्ही पाच जण मिळून दर रविवारी काही ना काही आणू शकलात, उन्हाळ्यात टोमॅटो-कांदा, पावसाळ्यात बटाटा-सीताफळ, दिवाळीनंतर इंद्रायणी, तर आम्ही थांबायला तयार आहोत. गाडी येणार नसेल तर आदल्या रात्री एक निरोप द्या. एवढंच मागणं.

---

कुकडीकाठ (जुन्नर)

सगळ्यांचं दोनदा वाचलं. रात्री आमच्या अध्यक्षांनाही वाचून दाखवलं, ते जुने पाटील, फोनवर वाचत नाहीत.

माझ्या मनातलं आता बऱ्यापैकी स्पष्ट झालं आहे. शेडचं काम एक वर्ष पुढं ढकलावं. घोडनदी भाऊ, तुमच्या बटाट्याच्या पावसाचा प्रश्न सोडून देत नाही. त्यासाठी पठारावरच साधं पत्र्याचं छप्पर आणि ताडपत्री, तेही तुमच्या कंपनीच्या जागेवर. मधल्या केंद्रात बांधलेलं शेड पठारावरच्या पावसाला उपयोगी नाहीच. काकांनी महाग्रेप्सचं सांगितलं तेव्हा हे डोक्यात शिरलं. माल सांभाळायची जागा शेताजवळ, आणि माणसांची जागा मध्ये.

मध्ये म्हणजे कुठं, यावरही बैठकीत ताणाताणी झाली होती. चाकण आम्हा उत्तरेकडच्यांना सोयीचं, पण पुरंदरच्या माणसाला दिवे घाट उतरून अख्खं शहर ओलांडावं लागतं. शेड नसेल तर हा वाद निम्मा संपतो. दोन खोल्या, दोन माणसं, एक संगणक आणि कपाट. पुण्यात मार्केट यार्डाच्या जवळ भाड्यानं घेऊ, कारण गाडीच्या निमित्तानं पाचही कंपन्यांचा कुणी ना कुणी पहाटे तिथं येतोच.

कोथरूडच्या लेखापाल ताईंच्या सांगण्याप्रमाणे करारनामा. माझी सूचना अशी आहे की खर्च उलाढालीच्या प्रमाणात वाटावा, पण मत मात्र पाचांना एकेकच. मोठ्या कंपनीतर्फे मी हे बोलतोय. आमच्या संचालकांपैकी दोघे नाराज होतील, त्यांना समजावायचं काम माझं.

क्रेटचं कुणी लिहिलं नाही, पण ते मला रोज छळतं. भरून गेलेले क्रेट रिकामे परत येत नाहीत. पाच रंग ठरवावेत, कंपनीचं नाव कोरावं, आणि गाडीच्या चिठ्ठीवर गेले किती, आले किती हे केंद्रातल्या माणसानंच लिहावं. हिशेबाचं पहिलं पान तिथूनच सुरू होईल.

---

घोडनदी (आंबेगाव)

दादा, माझं पूर्ण समाधान झालं असं खोटं सांगणार नाही. दिसण्यासारखं काही नसेल तर आमच्याकडचे लोक पुढच्या सभेला येतील का, ही काळजी राहतेच. पण शीतगृहाचं पुरंदरच्या ताईंनी लिहिलेलं वाचून मी गप्प झालो. त्यातलं मला काहीच माहीत नव्हतं, आणि मी मोठ्या आवाजात बोलत होतो. छपरासाठी आमची कंपनी ठराव करेल. करारावर सही करायला मी येतो, एका अटीवर. वर्षाच्या शेवटी शेडचा विषय पुन्हा निघायचा, आणि तेव्हा आकडे समोर असायचे.

---

कऱ्हापठार (पुरंदर)

अट मान्य. मी आमच्याकडून परवान्यांच्या माणसासाठी पहिल्या तीन महिन्यांचा वाटा आधी द्यायचा ठराव मांडते. मीठा बहाराच्या, म्हणजे उन्हाळी, अंजिरासाठी कागद आत्ताच हलले तर उपयोग.

---

ताळेबंद (कोथरूड)

करारनाम्याचा मसुदा मी लिहून देते, शुल्क नको. मात्र त्यासाठी प्रत्येक कंपनीच्या मागच्या तीन वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या हव्यात, महिन्यानुसार. खर्च कोणत्या प्रमाणात वाटायचा आणि गाडी कुठल्या महिन्यात कुणाकडं ठेवायची, दोन्ही त्यातूनच निघेल. पुढच्या गुरुवारी आणाल का?

---

मुळशीकर (भातवाला)

आमच्या पट्ट्या गिरणीच्या माळ्यावर गोणीत बांधून आहेत, सुट्या. दोन रात्री मुलीला घेऊन बसतो, महिन्याप्रमाणे लावतो आणि गुरुवारी घेऊन येतो. एखादा महिना सापडला नाही तर त्या जागी कोरा कागद लावून आणीन, म्हणजे कळेल काय नाही ते.